बुधाजीचा मिस कॉल

बुधाजी भोपी हा माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. जे झालं ते चांगल्याच माणसांच्या हातून झालं. त्यात मीही होते आणि मलाही लोक चांगलीच म्हणतात. म्हणू देत बापडे.

पनवेलला एसटी स्टँडच्या बाजूने नेऱ्याला मिनीडोर सुटायच्या. नावाला सहा आसनी, बसायचे दहा. मी पनवेलच्या एका कॉलेजात ऑफिसात क्लार्क, आणि सासर नेऱ्याच्या पुढे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ हेच वाहन. माझ्या कमरेची जी वाट लागली आहे तिचं अर्धं श्रेय त्या रस्त्याच्या खड्ड्यांना आणि अर्धं अ‍ॅडमिशनच्या फॉर्मांना. एवढ्या वर्षांत मी कितीतरी ड्रायव्हर बघितले, पण बसायचं म्हटलं की बुधाजीचीच गाडी शोधायचे.

आगरी माणूस, पंचावन्नच्या आसपासचा, अंगाने वाळका. भाताचं थोडं शेत होतं, ते भाऊ बघायचा. गाडीत गाणी नाहीत, तोंडात तंबाखू नाही, कुणाला ओव्हरटेक करायची घाई नाही. पोरीबाळींना मागचं बाक राखलेलं. पुढे ड्रायव्हरशेजारी बाई बसवायची नाही हा त्याचा कायदाच होता. एखादा पुरुष मागे मुलींच्या बाकावर टेकायला लागला की बुधाजी मान न वळवता म्हणायचा, "दादा, पुढं या. तिकडं वारा लागतो." मे महिन्यातसुद्धा वारा लागतो!

दोन हजार पाच-सहापासून घरोघर मोबाईल आले, तसं बुधाजीचं एक नवीन काम सुरू झालं. नेऱ्याच्या पुढच्या वाड्यांवर जायचं तर फाट्यावर उतरून आत चालावं लागतं. संध्याकाळी पोरीला घ्यायला आई फाट्यावर यायची, पण गाडी कधी सुटणार याचा नेम नाही. कारण सीट भरल्याशिवाय मिनीडोर हलत नाही, हे ब्रह्मवाक्य. मग आयांनी बुधाजीला नंबर दिले. गाडी सुटली की बुधाजी प्रत्येक घराला एकेक मिस कॉल द्यायचा. रिंग वाजली की आई भात चुलीवरून उतरवून फाट्याकडे निघायची. काही नाही तर सात-आठ घरं त्याच्या मिस कॉलवर चालत होती. नावं वाचता येत नसत नीट, पण नंबरांचे शेवटचे आकडे तोंडपाठ. कधी चुकला नाही.

त्या मुलींत भावना होती. बारावी आर्ट्स, आमच्याच कॉलेजची. बाप धर्मराज तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला, आई चंद्रावती घरचं वांगं-मिरची पनवेलला आणून विकायची. पोर बडबडी. अकरावीत असताना तिच्या तोंडाला कुलूप घालायला बुधाजीला गाडी थांबवावी लागेल असं वाटायचं. माझ्याशेजारी बसायची आणि आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कची नक्कल करून दाखवायची. मी हसून हसून बेजार.

बारावीला, म्हणजे दोन हजार आठच्या पावसाळ्यात, तिचं कुंदनशी जमलं. कुंदन गावातलाच, वीस-एकवीसचा. बाप काशिराम, त्यांची जमीन एका बिल्डरला गेली होती, दारात गाडी आली होती, कुंदनच्या बुडाखाली मोटारसायकल. दिसायला राजबिंडा, वागायला आदबशीर. वाकून नमस्कार करणारा. मला 'मॅडम' म्हणायचा. एकदा स्टँडवर आला आणि बुधाजीला म्हणाला, "काका, भावनाच्या आईला मिसकाल देता ना, तसा मना पन द्या. मी फाट्यावर येऊन थांबेन. आजकाल दिवस चांगले नाय."

बुधाजी खूश. "नीतामॅडम, पोरगा बघा. काळजी हाय त्याला."

मीही म्हटलं, हो बाई, गुणाचा आहे. आमच्या वेळी कुणी एवढी काळजी केली असती तर! आमचे हे मला पनवेल स्टेशनवर विसरून घरी आलेले आहेत एकदा.

तेव्हापासून गाडी सुटली की बुधाजी दोन मिस कॉल द्यायचा आणि मोठ्याने बोलायचा, "एक आयला, एक जावयाला!" सगळी गाडी हसायची. भावना लाजायची. निदान मला तरी ते लाजणं वाटलं.

मग तिचा फोन वाजायला लागला. गाडी सुटायच्या आत तीनदा, सुकापूर येईस्तोवर दोनदा. ती हळू आवाजात सांगायची, "मागे बसलेय. खिडकीकडे. शेजारी नीतामावशी." एके दिवशी तिने फोन माझ्याच हातात दिला. "मावशी, जरा बोला ना. सांगा ना त्याला, तुम्हीच बसलाय." मी फोन घेतला, आवाज बदलला आणि म्हटलं, "अरे बाबा, मीच आहे, पन्नाशीची म्हातारी! तुझी राणी सुखरूप आहे!" गाडीत पुन्हा हशा. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा तो फोन माझ्या हातात यायला लागला आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी नवा विनोद करायचे. आज लिहितानाही कान गरम होतात माझे.

दसऱ्यापर्यंत पोरीची बडबड बंद झाली. मैत्रिणींबरोबर यायची ती एकटी यायला लागली. गॅदरिंगच्या नाचात तिचं नाव होतं, ते तिने माझ्याच टेबलाशी येऊन खोडलं. "का गं?" "अभ्यास आहे." बारावी म्हटल्यावर अभ्यास असणारच. तिने आवडता निळा कुर्ता घालायचं सोडलं, तेव्हा मला वाटलं फाटला असेल. मी कॉलेजात काम करते. मुलींच्या तक्रारींच्या पेटीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. महिन्याला मी ती पेटी उघडायचे, आत चॉकलेटचे कागद निघायचे, आणि मी सुस्कारा टाकायचे की चला, आपल्याकडे सगळं ठीक आहे. काखेत कळसा म्हणतात तो हा.

दोनदा ती बुधाजीला म्हणाली होती, "काका, आज त्याला नका देऊ मिस कॉल." बुधाजीने डोळा मिचकावला. "भांडान झालाय वाटतं? अगो, उद्या गोड व्हशील." आणि दिला. त्याला वाटलं, आपण पोरांचं भांडण मिटवतोय.

नोव्हेंबरातली गोष्ट. साधारण साडेपाचला सुटायची ती गाडी. आम्ही सगळे वेळेवर येऊन बसलो, पण दोन सीट भरेनात. बुधाजी खाली उतरून "नेरे, नेरे" ओरडतोय, माणूस मिळेना. भावनाच्या फोनची बॅटरी गेलेली. ती सारखी म्हणत होती, "काका, काढा ना गाडी." माझ्या कपाळात ठणका होता, मी म्हटलं, "अगं, पळून चाललंय का तुझं घर?" सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटली. बुधाजीने नेहमीसारखे मिस कॉल दिले. जावयालाही.

फाट्यावर अंधार पडत होता. चंद्रावती त्या दिवशी आली नव्हती, कुंदन मोटारसायकलला टेकून उभा. भावना उतरली. गाडी वीस-पंचवीस पावलं पुढे गेली असेल, बुधाजीने आरशात बघितलं आणि करकचून ब्रेक मारला. मी समोरच्या दांड्यावर आपटले. मागे वळून बघते तर भावना रस्त्यावर बसलेली आणि तिची वेणी कुंदनच्या मुठीत.

बुधाजी धावला. मीही उतरले, माझ्या गुडघ्यांना जेवढं जमलं तेवढी धावले. कुंदनने वेणी सोडली आणि हसला. हसला! "काय नाय काका. तुमी जा. आमचा आपसातला हाय."

"आरं, पन झाला काय?"

"साडेपाचला सुटते ना गाडी? मिसकाल सा धाला आला. चालीस मिनटां कुठं व्हती ही? फोन पन बंद."

बुधाजीचं तोंड उघडंच राहिलं. "आरं, शिटा भरत नव्हत्या. गाडी मी थांबवलेली. ती तर साडेपाचलाच येऊन बसली व्हती."

"मंग मिसकाल तवाच द्याचा ना," कुंदन म्हणाला.

भावना उठली, ओढणी झटकली. तिच्या ओठाला रक्त होतं. "जा ना काका. मावशी, जा तुम्ही. काही नाही झालं. पाय घसरला."

आणि आम्ही गेलो. खोटं कशाला सांगू? गाडीत माणसं खोळंबली होती, माझं डोकं ठणकत होतं, आणि मुलगी स्वतःच जा म्हणत होती. गेलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी गाडीत बसून होता, चहा समोर निवलेला. रात्रभर झोपला नव्हता हे सांगायला नको. मला म्हणाला, "मॅडम, तिला मार माज्यामुलं बसला. मना वाटं, मी पोरींना राखतंय. मी त्याचा पहारेकरी व्हतो." मग एकेक आठवत बसला. ती नको देऊ म्हणाली होती तो दिवस, त्याच्या आधीचा दिवस. तिच्या हाताला पट्टी होती तो दिवस. मी पण माझं आठवत होते, पण मी बोलले नाही. माझ्यात तेवढी हिंमत कुठली?

त्याने त्या दिवसापासून कुंदनला मिस कॉल देणं बंद केलं. झालं, आम्हाला वाटलं सुटली पोर. डोंबल सुटली! दोनच दिवसांत कुंदन तिच्यावर फिरला: तूच सांगितलंस म्हाताऱ्याला, म्हणजे काहीतरी लपवायचं आहे. आता तिने दर पाच मिनिटांनी फोन करायचा. ती नंबर दाबत राहायची आणि बुधाजी आरशात बघत गाडी चालवायचा. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. तिच्या डोक्यावरून परस्पर ठरवलं होतं, कुंदन करायचा तसंच.

मग बुधाजी चंद्रावतीकडे गेला. ती बिचारी ऐकून रडली, आणि तिला जे सुचलं ते आमच्याकडच्या कुठल्याही आईला सुचलं असतं. "बुधादादा, गावभर झालाय नाव. आता झाकली मूठ सव्वा लाखाची. सोयरीक करून टाकू. एकदा नवऱ्याची झाली की त्याचा संशय पन जाईल." तिने नवऱ्याला राजी केलं, काशिरामचं घर तर तयारच होतं. रविवारी बोलणी करायची, साखरपुडा लगेच, लग्न अठरा झाल्यावर. आणि बोलणीला मध्यस्थ म्हणून कोण? बुधाजी! दोन्ही घरचा विश्वासाचा माणूस.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्ही सांगायला गेलात ते काय, आणि करून आलात काय?"

शनिवारी संध्याकाळी मात्र त्याने एक केलं. वाटेतली माणसं उतरली, गाडीत आम्ही तिघंच उरलो, तेव्हा त्याने सुकापूरच्या पुढे गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला असं मागे वळून बोलताना बघितलं.

"भावना, उद्या मना तुज्या घरी बोलवलाय. मी बगितलंय ते मी सांगू शकतंय, सगल्यांपुडं. नायतर गप बसू शकतंय. दोनदा मी माज्या मनानं केला, दोनदा तुला भोगायला लागला. आता तू सांग. बोलू का नको?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, म्हणेल काका जाऊ द्या. तिचा फोन वाजला, वाजून वाजून बंद पडला. पहिल्यांदाच तिने तो उचलला नाही.

"मी बोलले तर कोण ऐकणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोला. मग मी बोलते."

रविवारी मी गेले, बायकांत बसले. ओटीवर दहा-बारा माणसं, कांदेपोह्यांच्या बशा, कुंदन इस्त्रीच्या शर्टात, नजर जमिनीकडे, काय तो संस्कारी! धर्मराज रात्रपाळी करून तसाच बसला होता, डोळे लाल. नारळ पुढे आला तेव्हा बुधाजी उभा राहिला. घाबरला होता. टोपी काढली, परत घातली.

"नारल फोडायच्या आदी मना एक सांगायचा हाय," तो म्हणाला, आणि सांगितलं. मिस कॉल, चाळीस मिनिटं, वेणी, रक्त. स्वतःचं काही लपवलं नाही. "ह्या पोराला खबर देनारा मीच व्हतो. मी गुन्हेगार हाय. पन ह्या पोराच्या घरात पोर देऊ नका."

काशिराम उसळला, "म्हातारा प्यायलाय!" आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस तो. कुणीतरी म्हणालं, नवरा-बायकोत एवढं तेवढं चालायचंच. अजून नवरा-बायको झालेही नव्हते! माझं डोकं फिरलं. मी बायकांतून उठले आणि म्हटलं, "मी पण बघितलंय. मी कॉलेजची आहे, मी लिहून देईन." सासूबाई घरी माझा उद्धार करणार हे ठरलेलंच होतं, केला.

कुंदन शांत होता. अगदी गोड आवाजात म्हणाला, "तिलाच विचारा. ती सांगेल ना, पाय घसरला व्हता."

भावनाला आतून बोलावलं. नवी साडी, हातभर बांगड्या. दारात उभी राहिली, चौकट धरून. मग ती बापाकडे बघून बोलली, दुसऱ्या कुणाकडेच नाही.

"पप्पा, मला त्याची भीती वाटते. गाडीत, कॉलेजात, घरात. झोपेत पण वाटते."

धर्मराजने लाल डोळे चोळले. तो मोठा बोलका माणूस नव्हे. उठला, नारळ उचलून आत नेऊन ठेवला, आणि परत येऊन काशिरामला हात जोडले. "नाय जमनार," एवढंच म्हणाला. पोहे तसेच राहिले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पुढचं काम दमवणारं होतं. पोलीस ठाण्यात अर्ज, त्यासाठी धर्मराजची सुट्टी, माझी अर्धी रजा. तिथे कुंदनला बोलावून समज दिली. तरी दोन महिने तो कॉलेजच्या रस्त्यावर उभा राहायचा, काही न बोलता, नुसता बघत. आम्ही आलटून-पालटून तिला गेटापर्यंत सोडायचो. बुधाजीच्या गाडीची काच फुटली. कुणी फोडली हे सगळ्या गावाला माहीत आणि कुणीच बघितलं नाही. मग काशिरामच्या भावकीने त्याच्या गाडीत बसणं सोडलं. बुधाजी शेवटी कळंबोली-तळोजा लाइनला गेला, शिफ्टच्या कामगारांना घेऊन. त्या धुरात खोकला लागला त्याला. भावना बारावीला दोन विषयांत नापास झाली. कुणीही हार घातले नाहीत कुणाला.

चार वर्षांनी तो परत नेऱ्याच्या लाइनला आला. आता मिस कॉल द्यायचा तो आधी मुलीला विचारून, "कोनाला देऊ, कोनाला नको?" आणि मुलीने नाही म्हटलं तर तिच्या आईलाही नाही. त्यावरून आया त्याच्याशी भांडायच्या. भांडू दे, म्हणायचा. एखादीचा फोन फार वाजायला लागला की तो आरशातून माझ्याकडे बघायचा आणि मी त्या पोरीशेजारी सरकून बसायचे. विनोद करत नव्हते आता. "काय गं, त्रास देतो का?" एवढंच विचारायचे. बहुतेक जणी नाही म्हणायच्या. काही नुसत्याच बघायच्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. कंटाळवाणं काम आहे हे, सांगून ठेवते.

एका संध्याकाळी भावना गाडीत चढली. परीक्षा पुन्हा देऊन, नर्सिंगचा कोर्स करून आता एका दवाखान्यात लागली होती. अंगाने भरली होती, आवाज परत मोठा झाला होता. माझ्याशेजारी बसली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, दोन गोळ्यांची नावं सांगितली. मला इतकं बरं वाटलं की मी मूर्खासारखी बोलून गेले, "तेव्हाच का नाही गं सांगितलंस आम्हाला? रोज तर शेजारी बसायचीस."

तिने जरा विचार केला. रागाने नाही बोलली, म्हणून जास्त लागलं.

"मावशी, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. काकांना पण. तुम्ही दोघं हसायचात ना, मला वाटायचं, सगळं माहीत असून हसतात. म्हणजे हे असंच असतं."

पुढे बुधाजी गाडी चालवत होता. ऐकलं त्याने. फाटा आला तसा त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहून दोन्ही हात जोडले. ती "अहो काका, हे काय" म्हणत राहिली. मी आत बसून होते. माझ्याने उतरवलंच नाही.